मानेखालची उशी

माझा दादा, माणूस खुर्चीत कसा बसतो एवढ्यावरून त्याचा स्वभाव सांगतो. कडेला टेकणारा भित्रा, पसरून बसणारा आळशी, आणि बसायच्या आधी सीट दाबून बघणारा महाबेरकी. त्याचा धंदाच तो आहे, गाद्या आणि कुशनचा. बसच्या सीटा, थिएटरातल्या खुर्च्या, न्हाव्याच्या दुकानातल्या खुर्च्या, दाताच्या डॉक्टरची ती लांबलचक खुर्ची, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. "गावातले निम्मे लोक दिवसातून एकदा तरी माझ्या कामावर बूड टेकतात," असं तो येईल त्याला ऐकवतो. मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता त्याच्या आधी मीच म्हणून टाकते.

स्वतः दादा मात्र कुठे बसायला जात नाही. कुणाच्या घरी नाही, बागेत नाही, सिनेमाला तर नाहीच. त्याचं जग भोंग्यापुरतं आहे. मागच्या खोलीत त्याचा मुलगा असतो, श्वासाच्या मशीनवर. नळी सुटली, कफ अडकला किंवा वीज गेली की ते मशीन भोंगा वाजवतं. तो भोंगा जिथवर ऐकू येतो तिथवरच दादा जायचा. एकदा त्याने हे रीतसर तपासून घेतलं होतं. मला भोंगा वाजवायला बसवलं आणि स्वतः कान टवकारून रस्त्याने चालत गेला. कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत ऐकू येतो. त्यापुढचं औषधाचं दुकान हद्दीबाहेर राहतं. म्हणून औषधं मी आणायचे आणि चहा तो प्यायचा. या वाटणीवरून मी त्याला पुष्कळ टोमणे मारलेत.

मी त्याची धाकटी बहीण. वहिनी गेली तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून आले होते, ते पंधरा दिवस अजून संपायचे आहेत. माझी बॅग कपाटावर आहे आणि तिच्यात आता जुन्या चादरी भरल्यात. यात कुणाचा दोष नाही हे मला कळतं, तरी महिन्यातून एकदा त्या बॅगेकडे बघून माझं डोकं फिरतं आणि मग मी भांडी आपटते. दादा तेव्हा गुपचूप कात्रीला धार लावत बसतो.

आता साहेबाबद्दल. दादाच्या मुलाला आम्ही सगळेच साहेब म्हणतो, कारण तो भुवयांच्या इशाऱ्यावर घर चालवतो. जन्मतःच त्याच्या स्नायूंमध्ये आजार होता. लहानपणी तो पळताना पडायचा, मग चालताना पडायला लागला, मग चाकाच्या खुर्चीत बसला. पाठीचा कणा एका बाजूला वाकत गेला. शेवटी श्वास ओढणारे स्नायूही दमले, तेव्हा डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवली आणि ती मशीनला जोडली. ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात त्याला. आता साहेब पंचविशी ओलांडून गेलाय. अंगठा हलतो, चेहरा हलतो, डोकं आमच्यापेक्षा जोरात चालतं. आवाज मात्र नाही. नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, तो श्वासनलिकेत फुगवून ठेवलेला असतो, त्यामुळे हवा वरच्या बाजूला घशात जात नाही. साहेब नुसते ओठ हलवतो आणि आम्ही वाचतो. शिव्या तर आम्हाला पाठमोरं असतानासुद्धा कळतात.

नळीची निगा हे आमच्या घरचं मुख्य काम. दादा आणि मी आळीपाळीने सक्शन करतो, म्हणजे बारीक नळी आत घालून कफ ओढून काढतो. फुग्यातला दाब मोजतो, मशीनच्या हवेला ओलावा देणाऱ्या भांड्यात पाणी भरतो, गळ्याभोवतीची पट्टी बदलतो. उशाशी एक जादा नळी आणि तिच्याहून एक नंबर लहान नळी कायम टांगलेली असते. सुरुवातीच्या दिवसांत एकदा कफ आतल्याआत सुकला, नळी बंद झाली, आणि साहेब आमच्या डोळ्यांदेखत निळा पडायला लागला. सक्शनने कफाचं बूच निघालं म्हणून निभावलं. तेव्हापासून दादा पाण्याच्या त्या भांड्याकडे येता-जाता बघतो. दाराशी कुणी गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी भांडं, मग गिऱ्हाईक.

घर आमचं लांबट आहे. तेव्हा पुढे रस्त्याला लागून दादाचा कारखाना होता, मागे साहेबाची खोली, आणि मध्ये दादाने स्वतः बांधलेली वीटभिंत. भिंत बांधावीच लागली. फोम कापताना जो भुसा उडतो, रेक्झिनचा, दोऱ्यांचा जो बारीक कचरा असतो, तो साहेबाच्या नळीत जाता कामा नये. त्यामुळे मागची खोली अगदी अरुंद झाली. खाट मागच्या भिंतीला लागून, तिला समांतर अशी एकाच पद्धतीने मावायची. खिडकी त्याच भिंतीत आहे, म्हणजे तेव्हा साहेबाच्या उजव्या हाताला यायची. पण उताणं झोपलेल्या माणसाला उजव्या हाताची खिडकी असून नसल्यासारखी. तो दिवसभर छताकडे बघायचा.

खिडकीच्या पलीकडे बसचा डेपो आहे. गाड्या तिथे धुतल्या जातात आणि मग उलट्या घेऊन रांगेत लावल्या जातात. साहेबाला त्या रिव्हर्सच्या आवाजांनी वेड लागायचं. "आत्या, आता काय झालं? घासली का? सांग ना." मी काम टाकून सांगत बसायचे, आणि मला बसमधलं काहीएक कळत नसल्यामुळे तो चिडायचा.

मग दादाने उशी बनवली. त्याला कुठलीही अडचण सांगा, तो आधी ती कुठे रुतते ते विचारतो आणि मग तिथे फोम भरतो. वहिनी असताना ती म्हणायची की हा माणूस भांडणातसुद्धा मध्ये गादी घालेल. साहेबाच्या मानेचं माप त्याने हातानेच घेतलं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला उतरती, खांद्याला टेकणारी आणि डोकं उचलून उजवीकडे वळवणारी अशी उशी. आत तीन प्रकारचा फोम, वर मऊ कापड, शिलाई अशी की कानाला टोचू नये. ती मानेखाली सरकवली, आणि साहेबाला खिडकी दिसली.

मी दादाला इतका खूश क्वचित बघितलाय. साहेब तर त्या दिवशी जेवायलाच तयार नव्हता. डेपो, पाण्याचे फवारे, चाकांखालचा चिखल, शिट्टी वाजवणारा माणूस, सगळं त्याला एकदम मिळालं. थोड्याच दिवसांत तो ड्रायव्हर लोकांना मार्क द्यायला लागला. गाडी एका दमात सरळ लावली तर दहापैकी आठ, दोनदा पुढेमागे केलं तर पाच. सगळ्यात वाईट होता एक झुबकेदार मिशांचा ड्रायव्हर. त्याला साहेबाने 'मिशा' हेच नाव ठेवलं. त्याला कधी तीनच्या वर मार्क मिळाले नाहीत. दादाने ही गोष्ट चहावाल्याकडे सांगितली, तिथून ती डेपोत गेली, आणि मग मिशा रोज गाडी लावून झाली की खिडकीकडे बघून बोटांनी विचारायचा, किती? साहेब ओठांनी तीन म्हणायचा, मी तीन बोटं दाखवायची. मिशा कपाळावर हात मारून घ्यायचा.

दादाने उशी हळूहळू उंच केली, आणखी थोडं दिसावं म्हणून. आणि मग नळी मान डोलवायला लागली.

म्हणजे झालं असं, की साहेब उशीवर असला की गळ्याबाहेर आलेला नळीचा भाग बारीक थरथरायचा. एका लयीत, टक टक टक. मिशा गाडी मागे घेत असला की जास्त जोरात. आम्हाला वाटलं, साहेब रंगात आलाय. त्याचं हृदयच ठेका धरतंय. ज्या पोराला हात वाजवता येत नाहीत, त्याची नळी टाळ्या देतेय असं आम्ही म्हणायचो. दादा ते आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा. "बघा, काय ठणठणीत हृदय आहे! दिसतंय ना?" लोक वाकून बघायचे. साहेबही भाव खायचा. ओठांनी मला म्हणाला होता, "आत्या, मी आता गळ्याने नाचतो."

एका सकाळी सक्शनच्या नळीतून कफाबरोबर रक्ताचा गुलाबी दोरा आला. आम्ही हवेतला ओलावा वाढवला, सक्शनची नळी जपून घालायला लागलो. मग काही दिवस काही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आलं, या वेळी ताजं लाल. एवढंसंच, चमच्याच्या टोकाला मावेल इतकं. दादा म्हणाला, सिस्टर येणारच आहे, तिला विचारू.

दवाखान्यातून घरी येऊन बघून जाणारी ती सिस्टर बोलकी बाई होती. दारातून आत येतायेता ती पायातल्या चपलेपासून दवाखान्यातल्या नव्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना नावं ठेवायची. त्या दिवशीही बोलतबोलत आली, फुग्याचा दाब मोजायला वाकली, आणि बोलायची थांबली. साहेब खिडकीकडे बघत होता. दादा कौतुकाने पुढे झाला. "बघितलंत का सिस्टर, नळी कशी..."

"काका, ही कधीपासून हलतेय?"

दादाने सांगितलं. मी रक्ताचं सांगितलं. सिस्टरने साहेबाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि उशी काढून घेतली. डोकं मध्ये आलं. नळी थांबली. तिने उशी पुन्हा ठेवली. नळी हलायला लागली. तिने ती काढली आणि या वेळी दादाच्या हातात दिली. "ही आता वापरायची नाही. आजच दवाखान्यात चला, मी गाडी मागवते."

दवाखान्यात घशाच्या डॉक्टरबाईंनी नळीतून बारीक कॅमेरा घातला, छातीचा स्कॅन काढला, आणि आम्हाला दोघांना बसवून चित्र काढून दाखवलं. श्वासनलिकेच्या अगदी पुढून, तिला चिकटून, एक मोठी रक्तवाहिनी आडवी जाते. साहेबाचा कणा वाकलेला, छाती चपटी, त्यामुळे आत आधीच दाटी. डोकं उचलून वळवलं की नळीचं टोक पुढच्या भिंतीत रुततं, आणि भिंतीच्या पलीकडे ती वाहिनी. नळी थरथरत होती ती त्या वाहिनीच्या ठोक्याने. आतून घासून घासून तिथे जखम झाली होती.

"ते थोडंसं रक्त म्हणजे आगाऊ दिलेली सूचना होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती सगळ्यांना मिळत नाही. जखम वाहिनीपर्यंत गेली असती तर घरी काही करायला वेळच मिळाला नसता."

दादाने विचारलं, "किती वेळ?"

"वेळ नाही, असंच समजा."

त्यांनी नळी बदलली. नव्या नळीची लांबी कमीजास्त करता येत होती, टोक जखमेपासून दूर राहील अशी ती बसवली. डोकं कायम मध्ये, मान सरळ. वळवायची नाही, मागे टाकायची नाही. फुग्याचा दाब ठरलेल्या मापातच ठेवायचा. रक्त दिसलं, नळी हलताना दिसली, की वाट बघायची नाही, लगेच यायचं. जखम भरली नाही तर ती वाहिनी आधीच बंद करून टाकण्याचं ऑपरेशन करता येतं, पण अशा छातीत ते सोपं नाही. दादा सगळं ऐकत होता. शेवटी त्याने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे उशीने झालं?"

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी कणा, छाती, आजार, असं सगळं सांगितलं. पण दादाला हवं ते उत्तर त्यात नव्हतं आणि त्यालाही ते कळलं.

घरी आलो. साहेब पुन्हा छताकडे. पहिले काही दिवस तो समजूतदारपणे वागला. मग पलीकडे गाडी रिव्हर्स घेतल्याचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायला लागला. दादाने छताला आरसा टांगून बघितला, खिडकीच्या कोनात. त्यात डेपोचा एक तुकडा उलटा दिसत होता, पण त्याच्याआधी साहेबाला साहेब दिसला. आडवा, वाकडा, गळ्यात नळी. इतक्या वर्षांत त्याने स्वतःला असं संपूर्ण बघितलं नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग ओठ हलले, "काढा." दादाने आरसा काढला. मी स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी जाऊन रडून घेतलं.

त्यानंतर साहेब बोलेनासा झाला. त्याला ते सोपं आहे, ओठ हलवायचे नाहीत एवढंच. भुवयासुद्धा हलेनात. भूक आहे का, पाठ दुखते का, कशालाच उत्तर नाही. दादाचा जीव अर्धा झाला. कारखान्यात काम घेऊन बसायचा आणि हातातलं दाभण तसंच धरून भिंतीकडे बघायचा. खाट तिरकी करून बघितली तर दार बंद होईना, आणि साहेबाच्या उशाशी उभं राहायला जागा उरेना. सक्शन करणार कुठून? पुन्हा सरळ केली.

एका दुपारी मी औषधं घेऊन आले, तर मागच्या खोलीत दादा पाठमोरा उभा. साहेबाचं डोकं उजवीकडे. मानेखाली उशी.

"दादा, काय करतोयस तू?"

"पातळ केलीय. अर्धीच भरलीय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "थोडा वेळ. बघू दे त्याला."

"डॉक्टर काय म्हणाल्या ते विसरलास?"

"नाही विसरलो."

"मग?"

"मग काय! बघ ना त्याच्याकडे."

मी बघितलं. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत होते, किती दिवसांनी. मिशा आला, असं म्हणत होता. आणि नळी हलत होती. आधीपेक्षा कमी, पण हलत होती. टक टक टक. पूर्वी ह्याचंच आम्ही कौतुक केलं होतं. दादाने दोन बोटं नळीवर ठेवली. त्याच्या बोटांना ते ठोके लागत होते. त्याचा चेहरा मला बघवेना.

मग त्याने उशी काढली.

"परत ठेवा," साहेब म्हणाला.

"नाही."

"मान माझी आहे."

"मान तुझी आहे," दादा म्हणाला, "पण रक्त आलं तर ते माझ्या हातांवर येणार आहे."

साहेबाने त्याच्याकडे सरळ बघितलं. "मग हात बाजूला घ्या."

दादा उशी घेऊन बाहेर गेला. भिंतीपलीकडून चरचर ऐकू आली. तो शिवण उसवत होता. माझा मात्र तोल गेला. मी साहेबाला नको ते बोलले. तुला मरायचं तर मर, पण त्याच्या हाताने कशाला मरतोस, त्याच्या हातांनी काय पाप केलंय, असं काहीबाही. साहेब शांतपणे ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "आत्या, इकडे ये. झोप."

"काय?"

"खाली झोप. सतरंजीवर. आणि वर बघ."

मी इरेला पेटून झोपले. वर बघितलं. छताला ओलीचा एक पिवळट डाग आहे. पंख्याचा हूक आहे, पण पंखा नाही, कारण पंख्याची धूळ चालत नाही. हुकापासून एक भेग निघते आणि डागापर्यंत जाते. मशीन श्वास भरत होतं, सोडत होतं. पलीकडे पाण्याचा फवारा सुरू झाला, कुणीतरी ओरडलं, कुणीतरी हसलं, आणि मी भेगेकडे बघत होते. भेग पुन्हा हुकापासून डागापर्यंत गेली. मग आठवलं की दूध गॅसवर आहे, आणि मी उठले.

साहेब माझ्याकडेच बघत होता. "बघ," तो म्हणाला, "तुला उठता आलं."

दूध उतू गेलं होतं. ते पुसलं आणि तशीच कारखान्यात गेले. दादा फरशीवर बसला होता, पुढ्यात फोमचे तुकडे.

"खाट फिरव," मी म्हटलं. "पाय खिडकीकडे, डोकं भिंतीकडे. मान वळवायची नाही ना? नको वळवूस. त्याला सगळ्यालाच वळव."

"मावत नाही. माहितीये ना तुला."

"मग भिंत पाड."

दादाने फोमचा एक तुकडा उचलून पुन्हा खाली ठेवला. त्याला ते सुचलं नव्हतं असं मला वाटत नाही. तो मापाचा माणूस आहे. भिंत पाडली की कारखाना आणि साहेबाची खोली एक होणार, आणि साहेबाच्या खोलीत फोम कापता येणार नाही. भिंत पुढे सरकवून बांधावी तर कापायचं टेबल मावणार नाही, आणि दुसरीकडे जागा घ्यावी तर भोंगा ऐकू येणार नाही. म्हणजे कापायचं टेबल गेलं, मोठं मशीन गेलं. बापाच्या हाताखाली शिकल्यापासून ज्याच्यावर उभा राहिला ते सगळं गेलं.

"मग मी काय करू?" त्याने शेवटी विचारलं. "दिवसभर?"

मला कपाटावरची माझी बॅग आठवली.

त्याने दाताच्या डॉक्टरची खुर्ची हातात घेतली होती, ती पुरी केली. नेहमीसारखी, शिवण कुठे दिसू नये अशी. ती गेल्यावर त्याने दुसऱ्या एका कारागिराला बोलावलं आणि टेबल, मशीन, फोमच्या लाद्या त्याच्याबरोबर जाऊ दिल्या. त्या माणसाने जाताना टेबल दाबून बघितलं. दादा म्हणाला, "महाबेरकी आहे," आणि हसला, पण मला काही हसू आलं नाही. मग ओल्या फडक्याने सगळी जागा पुसून काढली, साहेबाला काही दिवस दवाखान्यात ठेवायचं ठरवून घेतलं, आणि भिंत पाडली. आम्ही दोघांनीच. पहिला घाव मी घातला, कारण त्याचा हात उचलेना.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पुन्हा कॅमेरा घातला. जखम सुकत आली होती. नळीचं टोक नीट मध्ये होतं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण संपलं असं समजू नका. बघत राहावं लागेल." दादाने मान हलवली. बघत राहायचं, हे त्याने फार मनावर घेतलं.

आता खाट खिडकीकडे पाय करून आहे. पाठीकडून थोडी उचललेली, डोकं मध्ये, मान सरळ, दोन्ही बाजूंना दादाने शिवलेल्या छोट्या गुंडाळ्या, डोकं घरंगळू नये म्हणून. त्या कशा बसतात ते सिस्टरने स्वतः बघितलंय. साहेबाला पूर्वीइतकं दिसत नाही. चाकं दिसत नाहीत, चिखल दिसत नाही. गाड्यांच्या काचा दिसतात, टप दिसतात, आणि डेपोवरचं आभाळ. टपांवरून मार्क द्यायची त्याने नवी पद्धत काढलीय. टप सरळ रांगेत आलं की गाडी सरळ.

पुढचं शटर कायम खाली असतं. दादा आता हाताने शिवायची कव्हरं आणतो, धुतलेल्या कापडाची, ज्यांचा कचरा होत नाही अशी. चहावाल्याकडेही जात नाही. भोंगा ऐकू येतो, पण भोंगा नळी थरथरली म्हणून वाजत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणून तो साहेबाच्या पायाशी स्टूल टाकून बसतो, खिडकीकडे पाठ करून. एक टाका घालतो आणि वर बघतो. एक टाका, आणि वर. मी म्हणते, जरा बाहेर जाऊन ये, मी आहे ना. तो हो म्हणतो आणि बसून राहतो. मला त्याचा राग येतो, आणि राग येतो म्हणून आणखी राग येतो.

परवा दुपारी पलीकडे गाडी रिव्हर्सला लागली. साहेबाचे डोळे मोठे झाले, ओठ भराभर हलायला लागले. मिशा आहे. येतोय. येतोय. लावली! एका दमात! दहापैकी आठ!

"थापा मारू नकोस," दादा म्हणाला.

"शप्पथ. बाबा, मागे वळून बघा."

मी खिडकीशी गेले. खरंच, टप रांगेत अगदी सरळ होता. मिशा गाडीतून उतरून आमच्या खिडकीकडे बघत होता, बोटं वर करून विचारत होता. मी आठ बोटं दाखवली. त्याचा विश्वास बसेना. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा दाखवली. मग त्या एवढ्या मोठ्या माणसाने भर डेपोत उडी मारली.

"अरे दादा, बघ तरी," मी म्हटलं. "उड्या मारतोय तो."

साहेब हसत होता. पूर्वी अशा वेळी ती नळी बेफाम हलली असती. आता ती जागच्या जागी होती, जराही न हलता.

"बाबा, बघा ना."

"तू सांग," दादा म्हणाला. दाभण हातात तसंच होतं. "मी बघतोय."

साहेब सांगायला लागला, काचांपाशी मिशाचं डोकं कसं वरखाली होतंय, टोपी कशी पडली, शिट्टीवाला त्याला काय म्हणाला असेल. दादा त्याच्या गळ्याकडे बघत होता, मग ओठांकडे, मग पुन्हा गळ्याकडे.